सीएल १६ की सीएल १८? रॅमचे आकडे नॅनोसेकंदांत मोजा

डीडीआर४ रॅमचे दोन सेट समोर आहेत. एकावर लिहिलंय ३२०० सीएल१६, दुसऱ्यावर ३६०० सीएल१८. जास्त वेगवान कोणता? एक गट म्हणणार, ३६०० मोठा आकडा, तोच घ्या. दुसरा गट म्हणणार, सीएल जितका कमी तितकं बरं, ३२००वाला घ्या. हिशेब मांडला तर मागितलेल्या डेटाचा पहिला तुकडा द्यायला दोन्ही सेट सारखाच वेळ लावतात: १० नॅनोसेकंद.

सीएल म्हणजे कॅस लेटन्सी, मागणी केल्यापासून डेटाचा पहिला तुकडा येईपर्यंतची प्रतीक्षा. तिचा आकडा वेळ सांगत नाही, क्लॉकचे ठोके सांगतो. एक ठोका किती लांब, ते रॅमच्या वेगावर ठरतं. वेग वाढला की ठोका आखूड होतो, त्यामुळे १६ लांब ठोके आणि १८ आखूड ठोके एकाच वेळेत बसू शकतात. गणित सोपं आहे: सीएलला २०००ने गुणायचं आणि रॅमच्या वेगाने भागायचं. १६ गुणिले २००० भागिले ३२०० म्हणजे १०. १८ गुणिले २००० भागिले ३६०० म्हणजेही १०. मग ३६०० घेऊन फायदा काय? पहिला तुकडा एकाच वेळी आला तरी त्यामागचा बाकीचा डेटा ३६००वाला सेट जास्त वेगाने पाठवतो.

यात २००० कुठून आले? डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट. क्लॉकच्या एका ठोक्यात डेटा दोनदा जातो, एकदा सिग्नल चढताना आणि एकदा उतरताना. म्हणजे ३२०० हा मेगाट्रान्सफरचा, सेकंदाला किती दशलक्ष वेळा डेटा जातो त्याचा आकडा झाला, खरा क्लॉक १६०० मेगाहर्ट्‌झच असतो. २०००मधले दोन इथून आले, उरलेले हजार मेगाहर्ट्झवरून नॅनोसेकंदांत यायला लागतात. सीपीयू-झेड हे हार्डवेअरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून १६०० दिसल्यावर आपल्याला निम्म्या वेगाची रॅम माथी मारली म्हणून हबकणारे पुष्कळ असतात. तसं काही नसतं.

हेच गणित जुन्या पिढ्यांना लावून बघा. डीडीआर३ १६०० सीएल९ला ११.२५ नॅनोसेकंद लागत. डीडीआर४ ३२०० सीएल१६ला १० लागतात आणि डीडीआर५ ६००० सीएल३०लाही १०च. एका स्टिकमधून, म्हणजे रॅमच्या एका पट्टीतून, सेकंदाला जाऊ शकणारा डेटा मात्र १२.८ गिगाबाइटवरून २५.६वर आणि तिथून ४८वर गेला. डेटाची वाट रुंद होत गेली, पहिल्या तुकड्यासाठी थांबण्याचा वेळ जवळपास तिथेच राहिला. 'डीडीआर५चा सीएल ३० म्हणजे केवढा जास्त' असं कोणी म्हणालं तर त्याला नॅनोसेकंद काढायला सांगा.

आता सीएलच्या पुढचे आकडे. पाकिटावर १६-१८-१८-३६ अशी ओळ असते. ती कळायला चिपच्या आत डोकवावं लागतं. रॅममधला प्रत्येक बिट एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये साठवलेला असतो. हे कपॅसिटर रांगा आणि स्तंभांच्या जाळीत बसवलेले असतात आणि अशा जाळ्यांचे गट म्हणजे बँका. एका बँकेत एका वेळी एकच रांग उघडी ठेवता येते. जुन्या कचेरीतला कारकून डोळ्यांसमोर आणा, ज्याच्या टेबलावर एकच रजिस्टर मावतं. हवी ती नोंद उघड्याच रजिस्टरात असेल तर तो पटकन वाचून दाखवतो. टेबल रिकामं असेल तर आधी रजिस्टर आणावं लागतं. दुसरंच रजिस्टर पसरलेलं असेल तर ते मिटून जागेवर ठेवायचं, हवं ते आणायचं आणि मग वाचायचं.

वाचून दाखवायचा वेळ म्हणजे पहिला आकडा, टीसीएल, म्हणजेच आपला सीएल. रांग उघडायचा वेळ दुसरा, टीआरसीडी. उघडी रांग मिटायचा वेळ तिसरा, टीआरपी. चौथा टीआरएएस, म्हणजे एकदा उघडलेली रांग निदान इतका वेळ उघडी ठेवलीच पाहिजे. ३२०० वेगावर १६-१८-१८-३६ असेल तर उघड्या रांगेतला डेटा १६ ठोक्यांत, म्हणजे १० नॅनोसेकंदांत मिळतो. रांग बंद असेल तर ३४ ठोके, २१.२५ नॅनोसेकंद. चुकीची रांग उघडी असेल तर ५२ ठोके, ३२.५ नॅनोसेकंद. एकाच स्टिकवर एकाच मागणीला १० किंवा ३२.५, तिपटीहून जास्त फरक. जाहिरातीत त्यातला फक्त १० झळकतो.

हा सगळा वेळ रॅमच्या चिपमधला झाला. प्रोसेसरने मागणी केल्यापासून डेटा त्याच्या हाती पडेपर्यंत साध्या डेस्कटॉपवर एकूण ६० ते ८० नॅनोसेकंद जातात, कारण वाटेत कॅशची (प्रोसेसरमधल्या छोट्या वेगवान मेमरीची) पायरी, रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर, रांगेत थांबणं हे सगळं आहे. ३२०० वेगावर सीएल १६वरून १४ केला तर वाचले किती? सव्वा नॅनोसेकंद. त्यासाठी लोक आख्खा रविवार घालवतात आणि बऱ्याचदा त्याहून जास्त वेळ खाणाऱ्या आकड्याला हातही लावत नाहीत. तो आकडा रीफ्रेशचा.

कपॅसिटरमधला चार्ज गळतो. तो सतत गळत असतो, म्हणून ठरावीक काळाने प्रत्येक रांग वाचून पुन्हा भरावी लागते. डीडीआर४मध्ये सगळ्या रांगा ६४ मिलिसेकंदांत एकदा ताज्या व्हाव्या लागतात आणि हे काम ८१९२ हप्त्यांत विभागलेलं असतं. भागाकार केला तर दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एक हप्ता येतो. या अंतराचं नाव टीआरईएफआय. हप्ता चालू असताना रॅम दुसरं काम करत नाही आणि तो किती वेळ चालतो ते टीआरएफसी सांगतो. ८ गिगाबिटच्या डीडीआर४ चिपला मानकाप्रमाणे ३५० नॅनोसेकंद दिलेले आहेत. म्हणजे दर ७८०० नॅनोसेकंदांतले ३५०, साडेचार टक्के वेळ रॅम 'कामात आहे' म्हणून दार लावून बसते. नेमकी तेव्हाच तुमची मागणी आली तर दार उघडेपर्यंत ताटकळायचं. त्या शेकडो नॅनोसेकंदांपुढे सीएलमध्ये वाचवलेला सव्वा नॅनोसेकंद कुठे लागतो?

बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, टीआरएफसीही ठोक्यांत लिहावा लागतो. ३६०० वेगावर ३५० नॅनोसेकंद म्हणजे ६३० ठोके. सॅमसंगच्या गाजलेल्या बी-डाय चिप्स १६० नॅनोसेकंदांच्या आसपासही चालतात, म्हणजे २८८ ठोके, आणि रीफ्रेशचा वाटा साडेचारवरून दोन टक्क्यांवर येतो. सगळ्या चिप्स इतक्या गुणी नसतात. बऱ्याच जणी २५० ते ३०० नॅनोसेकंदांच्या खाली उतरायला तयार नसतात आणि कितीही व्होल्टेज दिलं तरी ऐकत नाहीत. म्हणून दुसऱ्याच्या स्क्रीनशॉटमधले टायमिंग जसेच्या तसे उतरवून घेण्यात अर्थ नाही. त्याच्या स्टिकवर कोणती चिप आहे आणि तुमच्या स्टिकवर कोणती, हे आधी बघायला हवं. एकाच मॉडेल नंबरखाली वेगवेगळ्या चिप्स लागलेल्या असू शकतात. दोन वेगळे सेट घेऊन चार स्लॉट भरणाऱ्यांना हा धक्का हमखास बसतो.

डीडीआर५मध्ये टीआरईएफआय निम्मा झाला, ३.९ मायक्रोसेकंद. १६ गिगाबिटच्या चिपला २९५ नॅनोसेकंदांचा रीफ्रेश धरला तर साडेसात टक्के वेळ त्यातच जातो. ६००० वेगावर टीआरईएफआय ११७०० ठोके येतो. बऱ्याच मदरबोर्डांवर तो ६५५३५पर्यंत नेता येतो आणि तिथे हा वाटा दीड टक्क्याच्याही खाली जातो. आकडा मोहात पाडणारा आहे, पण याची किंमत तापमानात मोजावी लागते. चिप गरम झाली की चार्ज लवकर गळतो. मानकातच सांगितलंय की ८५ अंश सेल्सियसच्या वर रीफ्रेश दुप्पट वेळा करावा. आपण इथे नेमकं उलट करतोय, रीफ्रेश लांबणीवर टाकतोय. त्यामुळे टीआरईएफआय ताणायचा तर स्टिकवर हवा खेळती हवी आणि कमाल आकड्यावर उडी मारण्याऐवजी ३००००च्या घरात थांबलेलं बरं. मोठा फायदा तोवर मिळून गेलेला असतो, त्यापुढे दर पायरीला हाती लागणारा लाभ कमी आणि धोका जास्त.

हे सगळं हाताने करायच्या आधी फुकटात मिळणारं घ्या. प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची छोटी चिप असते, तिच्यात वेग आणि टायमिंगची कोष्टकं लिहिलेली असतात. कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा तो जेडेक या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकातला सावध वेग निवडतो. पाकिटावर ३६०० असलं तरी स्टिक २१३३ किंवा २६६६वर चालत राहते. बायोसमध्ये इंटेलचं एक्सएमपी किंवा एएमडीचं एक्स्पो प्रोफाइल चालू केलं की छापलेला वेग मिळतो. वर्षानुवर्षं महागडी रॅम निम्म्या वेगावर चालवणारे लोक आहेत, त्यांना बाकीच्या लेखाची गरज नाही, हे एक बटण पुरे. आणि स्टिक दोनच असतील तर बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्येच लावा. चार स्लॉटच्या बोर्डवर ते बहुधा प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा असतात.

पुढे वेग किती वाढवायचा? इथे रॅमपेक्षा प्रोसेसरचा शब्द मोठा. एएमडीच्या रायझन ३००० आणि ५००० प्रोसेसरमध्ये रॅमचा क्लॉक, मेमरी कंट्रोलर आणि प्रोसेसरचे भाग जोडणारं आतलं इन्फिनिटी फॅब्रिक तिन्ही एका तालात चालले तर उत्तम. ३६००वर हे सहज जमतं, चांगल्या नगावर ३८००ही. त्यापुढे गेलात की बोर्ड कंट्रोलरला निम्म्या गतीवर टाकतो आणि वेग वाढवूनही प्रतीक्षा लांबते. ४०००चा आकडा मिरवणारी रॅम ३६००पेक्षा हळू वागते ती यामुळे. रायझन ७०००मध्ये हाच सुवर्णमध्य डीडीआर५ ६०००च्या आसपास आहे. इंटेलने ११व्या पिढीपासून याला गिअर १ आणि गिअर २ अशी नावं दिली. गिअर १मध्ये कंट्रोलर रॅमच्या गतीने धावतो, गिअर २मध्ये निम्म्या. डीडीआर४ असेल तर गिअर १ टिकतो तिथवरच वेग न्यावा, डीडीआर५ मुळात गिअर २मध्येच चालते.

चार स्टिक भरल्या की कंट्रोलरवरचा भार वाढतो, हेही धरून चाला. रायझन ७०००साठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन स्टिकना ५२०० आणि चार स्टिकना ३६०० आहे. प्रत्यक्षात त्याहून वर जाता येतं, पण चार स्टिकवर ६००० चालेलच अशी खात्री कोणी देणार नाही.

व्होल्टेजचं थोडक्यात. डीडीआर४चं मानक १.२ व्होल्ट, एक्सएमपीचं बहुधा १.३५. हवा बरी असेल तर १.४ ते १.४५ला बहुतेक चिप्सची तक्रार नसते. डीडीआर५चं मानक १.१, प्रोफाइलमध्ये १.३५ किंवा १.४ दिसतं. रॅमच्या स्टिकपेक्षा मी प्रोसेसरमधल्या व्होल्टेजला जास्त घाबरतो, म्हणजे मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाच्या व्होल्टेजला: एएमडीवर त्याचं नाव एसओसी, इंटेलवर सिस्टीम एजंट. प्रोफाइल चालू केलं की काही बोर्ड हे स्वतःहून वाढवून ठेवतात, विचारतही नाहीत. २०२३मध्ये रायझन ७०००चे काही प्रोसेसर, विशेषतः जास्त कॅश असलेल्या एक्स३डी मालिकेतले, सॉकेटसकट जळाले. त्यानंतर एएमडीने नव्या बायोसमधून एसओसी व्होल्टेजला १.३ची मर्यादा घातली. म्हणून प्रोफाइल चालू केल्यावर पहिलं काम: बोर्डाने काय काय वाढवलंय ते बघणं. 'ऑटो' लिहिलंय म्हणजे सुरक्षित आहे, असं समजू नका.

आता प्रत्यक्ष हात घालायचा. समजा डीडीआर४चा ३२०० सीएल१६ सेट ३६००ला न्यायचा आहे. आधी महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप घ्या, दुसऱ्या डिस्कवर. मग वेग ३६०० आणि टायमिंग मुद्दाम ढिले ठेवा: १८-२२-२२-४२, व्होल्टेज १.४. बाकी सगळं ऑटो. सेव्ह करून रीस्टार्ट केलं की मेमरी ट्रेनिंग सुरू होतं, म्हणजे कंट्रोलर सिग्नलच्या वेळा जुळवून बघतो. डीडीआर५वर पहिल्या वेळी यात काही मिनिटंही जातात आणि तोवर स्क्रीन काळी असते. घाबरून पॉवर बटण दाबू नका. खरंच अडकलं तर बोर्ड दोन-तीनदा प्रयत्न करून मूळ सेटिंगवर येतो, नाहीतर सीमॉस क्लिअर करायचा, म्हणजे बायोसची सेटिंग पुसायचा, जंपर बोर्डावर कुठे आहे ते आधीच बघून ठेवा. केबिनेट पलंगाखालून ओढून टॉर्च मारत शोधण्यापेक्षा बरं.

३६०० चालू झालं आणि अर्ध्या तासाची चाचणी निघाली, की टायमिंग आवळायला घ्या. एका वेळी एकच आकडा. टीसीएल १८वरून १६. मग टीआरसीडी एकेक ठोका खाली. बऱ्याच चिप्सवर टीसीएल व्होल्टेज दिलं की उतरतो, पण टीआरसीडी ढिम्म हलत नाही, तिथे जास्त झोंबू नका. टीआरएएस साधारण टीसीएल आणि टीआरसीडीच्या बेरजेच्या जरा वर ठेवला की झालं. मग टीआरआरडीएस ४ आणि टीएफएडब्ल्यू १६ करून बघा. एकामागून एक किती रांगा उघडता येतात यावरची बंधनं हे दोन आकडे ठरवतात आणि ऑटोमध्ये ते बहुधा गरजेपेक्षा ढिले असतात. मग टीआरएफसी: ६३०, ५८०, ५४०, असं उतरत जा. हा आकडा फार खाली गेला की कॉम्प्युटर सुरूच होत नाही किंवा विंडोज येता येता गोठतं. एका परीने हे बरं, कारण चूक लगेच कळते. टीआरईएफआय शेवटी, कारण त्याची चूक लगेच कळत नाही. ज्या रायझन बोर्डात एएम४ सॉकेट आहे, तिथे तो बदलताच येत नाही. प्रत्येक पायरीचे आकडे वहीत लिहा, मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल.

चाचणीचा नियम कडक आहे. तासाभरात एक एरर आली तरी ते सेटिंग नापास. 'एकच तर आली' ही सवलत इथे नाही. रॅम चुकली की दर वेळी निळी स्क्रीन येत नाही. कधी एखादी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (डेटा जुळत नसल्याची तक्रार) देते, कधी विंडोजचं अपडेट विनाकारण फसतं, कधी एखादा फोटो खालच्या अर्ध्यात करडा होऊन सेव्ह होतो. कॉम्प्युटर बंद पडला असता तर निदान कळलं असतं. इथे चुकलेला बिट गुपचूप डिस्कवर जाऊन बसतो आणि बॅकअपमध्येही उतरतो. डीडीआर५मध्ये चिपच्या आत एरर दुरुस्त करायची सोय असते, म्हणून काही जण निर्धास्त राहतात. ती सोय चिपच्या पोटातल्या चुकांपुरती आहे, चिप ते प्रोसेसर या वाटेवर झालेल्या चुका तिला दिसत नाहीत.

मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालतं. विंडोज खराब व्हायची भीती नाही, म्हणून पहिली फेरी त्यावर. मग विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा कार्हूसारखं जास्त छळणारं काहीतरी. रायझनवर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईएच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी येताहेत का तेही बघा. फॅब्रिक जास्त ताणलं की त्या दिसू लागतात, वरवर सगळं ठीक वाटत असलं तरी.

आणि एक चाचणी बहुतेक जण करत नाहीत. मेमरी टेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्ड थंड असतं, स्टिक ४० अंशांवर निवांत असते. गेम सुरू झाला की कार्डची गरम हवा थेट रॅमवर येते आणि तीच स्टिक ५५वर जाते. रात्रभर टेस्ट पास झालेला सेट गेममध्ये पाऊण तासाने कोसळतो तो यामुळे, आणि दोष ड्रायव्हरला दिला जातो. म्हणून मेमरी टेस्टच्या जोडीला ग्राफिक्स कार्डवरही भार टाका. टीआरईएफआय ताणला असेल तर ही चाचणी टाळूच नका.

एवढं करून हाती काय लागतं, ते कामावर अवलंबून आहे. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम खेळत असाल तर भरपूर, कारण त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरीच नसते, ती याच रॅमवर जगते. सेव्हन-झिपसारखी कामंही चांगला प्रतिसाद देतात. वेगळं कार्ड आणि कमी रेझोल्यूशन असेल तर सरासरी फ्रेम फार वाढत नाहीत, पण मधेच बसणारे झटके कमी होतात. ४केवर कार्डच दमलेलं असतं, तिथे फरक शोधत बसावा लागतो. एक्स३डी प्रोसेसरला पोटातच मोठी कॅश असल्याने तो रॅमकडे कमी वेळा येतो. त्याच्यावर मी तरी प्रोफाइल आणि टीआरएफसी यापलीकडे वेळ घालवणार नाही.

बायोस अपडेट केलं की हे सगळं पुसलं जातं. जुन्या आवृत्तीत सेव्ह केलेलं प्रोफाइल नव्या आवृत्तीत उघडेलच असं नाही, तेव्हा आकडे वहीतून हाताने भरावे लागतात. नव्या बायोसमध्ये मेमरी ट्रेनिंगही बदललेलं असू शकतं, त्यामुळे तेच आकडे पुन्हा भरले तरी चाचणी पहिल्यापासून घ्यावी लागते.